दामलेबाईंचा अकरावा प्रयोग

आमच्या बारवर हरकत घेणारा जो अर्ज ग्रामपंचायतीत गेला, त्यावर पहिली सही दामलेबाईंची होती. अर्जातल्या शुद्धलेखनाच्या सात चुका लाल पेनानं दुरुस्त केलेल्या होत्या, त्याही बाईंनीच. ‘मद्यप्राषन’मधला ष तर त्यांनी इतक्या रागानं खोडला होता की कागदाला भोक पडलं होतं. ग्रामसेवकानं मला अर्जाचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला आणि खाली लिहिलं, ‘मॅडम, तुमचं आता काय खरं नाय.’

मला हसू आलं, पण ते लगेच विरलं. कारण तो बार ज्या रिसॉर्टचा, त्याची मी मॅनेजर होते, आणि दामलेबाईंनी मला दहावीला विज्ञान शिकवलं होतं.

रत्नागिरीतून भाट्याचा पूल ओलांडून पावसच्या रस्त्याला लागलं की उजव्या अंगाला समुद्र आणि डाव्या अंगाला माडापोफळींची आगरं. त्यातल्या एका आगराला लागून आमचं रिसॉर्ट. बारा खोल्या, एक जेवणघर, आणि नुकताच परवाना मिळालेली परमिट रूम. मालक मुंबईला. मधे जांभ्याचा कमरेएवढा गडगा आणि गडग्यापलीकडे बाईंचं कौलारू घर, चार माड, पोफळी आणि न्हाणीच्या पाण्यावर माजलेली केळीची बेटं. बाई निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली होती. लग्न केलं नव्हतं. घरात एकट्याच.

उंचीनं पाच फुटाला थोड्या कमी. सुती साडी, तिच्याखाली पीटीच्या तासाला मुलं घालतात तसे पांढरे कॅनव्हासचे बूट, आणि अंबाड्यात खोचलेलं लाल पेन. फूल मी कधी पाहिलं नाही. ते पेन कुठेही बाहेर यायचं. स्टँडजवळ एका दुकानावर ‘येथे शुध्द तूप मिळेल’ अशी पाटी होती. बाईंनी दुकानदाराला बाहेर बोलावलं आणि विचारलं, “पाटीवरचा शुद्ध अशुद्ध आहे. डब्यातल्याचं काय?” त्यानं दुसऱ्या दिवशी पाटी बदलली.

मुलांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, हजेरी क्रमांक मात्र पक्के राहत. मी सत्तावीस. लग्न झालं, दोन मुलं झाली, केस पिकायला लागले, तरी गडग्यावरून हाक यायची ती “सत्तावीस, तुमच्या पंपाचं पाणी वाहतंय” अशीच. एकदा रत्नागिरीच्या बाजारात त्यांनी एका पोलीस इन्स्पेक्टरला “ए नऊ, हेल्मेट कुठाय?” असं विचारलेलं मी स्वतः ऐकलं आहे. नऊनं मान खाली घातली होती.

तर अर्ज गेला त्या आठवड्यातल्या बुधवारी सकाळी अकरा वाजता बाई गडग्याच्या खिंडारातून आत आल्या. हातात कापडी पिशवी.

“सत्तावीस, मला तुझा बार बघायचा आहे.”

“बाई, तुम्ही तर त्याच्याविरुद्ध सही केलीय.”

“म्हणून तर. न बघता सही केली, हे मला रात्रभर टोचत होतं. निरीक्षणाआधी निष्कर्ष लिहिला मी. तुम्हाला याच चुकीसाठी बाकावर उभं करत होते.”

काउंटरमागे शांताराम ग्लास पुसत होता. शांताराम मंडणगडकडचा. वय पन्नाशीचं, मुंबईत वीस वर्षं परमिट रूममध्ये काढलेली, मिशी इस्त्री केल्यासारखी. मुंबईचा दमट काळोख सोसेना म्हणून गावाकडे आला आणि आम्हाला मिळाला. त्यानं बाईंना बघून आधी देव्हाऱ्यातला दिवा लावला, मग पंखा.

बाईंनी मेनूकार्ड मागितलं. अंबाड्यातलं पेन काढलं. दोन मिनिटांत व्हिस्कीच्या तीन आणि स्वीट लाइमची एक अशा चुका काढून झाल्या. मग बोट एका ओळीवर थांबलं.

“बनाना बीच. हे काय आहे?”

“आपलं स्पेशल कॉकटेल आहे, बाई,” शांताराम म्हणाला. “रम, क्रीम नि बनाना.”

“करून दाखवा. मी पिणार नाही. बघणार.”

शांतारामनं मोठ्या झोकात शेकर उचलला. रम ओतली, क्रीम ओतलं, बर्फ टाकला, आणि खालच्या कप्प्यातून पिवळ्या पाण्याची एक बारीक बाटली काढून चार थेंब टाकले. शेकर कानाशी हलवला आणि ग्लास बाईंपुढे ठेवला. वर प्लास्टिकची छत्री.

बाईंनी ग्लास नाकाशी नेला आणि लगेच खाली ठेवला.

“हे केळं नाही. हे नेलपॉलिश आहे.”

शांतारामचा चेहरा उतरला. मला मात्र एकदम दहावी ब आठवली. बाईंनी कॉलेजातल्या कुणाकडून तरी काय काय रसायनं आणून वर्गात एक परीक्षानळी तापवली होती आणि ती बाकाबाकावरून फिरवली होती. कशाचा वास येतो, असं विचारल्यावर सगळा वर्ग ओरडला होता, “केळ्याचा!” बाईंनी सगळ्यांना शून्य दिलं. म्हणाल्या, “केळ्यासारखा. ‘सारखा’ हा शब्द ज्याला ऐकू येत नाही त्याला आयुष्यात कुणीही फसवेल.” आणि मग टेबलाखालून केळ्यांची पाटी काढून प्रत्येकाला एकेक खरं केळं दिलं. शून्य मात्र खोडलं नाही.

“आयसोअमाइल ॲसिटेट,” आता त्या शांतारामला सांगत होत्या. “शांताराम, तुमच्या खिडकीतून हात बाहेर काढलात तर माझ्या राजेळी केळ्यांचा लोंगर हाताला लागेल. आणि तुम्ही केळं बाटलीतून ओतता?”

शांतारामलाही धंद्याचा अभिमान होता. “बाई, वीस वर्षं काउंटर सांभाळलाय मी. बारमध्ये खरं केळं कोण टाकत नाय. काळं पडतं. मिक्सरला चिकटतं. नि गिऱ्हाईक बोलतं, शिकरण काय दिलंस?”

“ही तीन प्रमेयं झाली,” बाई उठत म्हणाल्या. “पुढच्या बुधवारी तपासू.”

मला वाटलं, बोलण्यातलं बोलणं. पुढच्या बुधवारी अकराला बाई आल्या तेव्हा पिशवीत केळ्यांच्या तीन फण्या होत्या: वेलची, राजेळी आणि हिरव्या सालीची. प्रत्येक फणीला दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली. शिवाय शंभर पानी वही, लिंबं, गूळ, जायफळ, धुतलेला पंचा आणि स्टीलचं एक भांडं.

“भांडं कशाला, बाई?”

“थुंकायला. चव घेतली पाहिजे, गिळायची गरज नाही.”

आणि तसे ते बुधवार सुरू झाले, एकेका बुधवारी दोन-दोन प्रयोग. दुपारी साडेबारापर्यंत बारमध्ये गिऱ्हाईक नसे, त्यामुळे मी अडवलं नाही. खरं सांगायचं तर अडवायची माझी हिंमतही नव्हती. बाई उंच स्टुलावर बसत, बूट हवेत लोंबत. शांताराम एप्रन बांधून समोर उभा. पहिला प्रयोग, केळं काळं का पडतं. पाच बशा, पाच फोडी, एकीवर लिंबू, एकीवर मीठ, एक उघडी, असं. दर दहा मिनिटांनी बाई वहीत लिहीत आणि शांतारामला विचारत, “निरीक्षण?”

“लिंबूवाली गोरी हाय, बाई.”

“पिवळसर म्हणा. गोरी काय? लग्न लावायचंय का?”

दुसऱ्या प्रयोगात कळलं की फोडी आधी बर्फाच्या कप्प्यात दगड करून ठेवल्या तर वेगळा बर्फ घालावाच लागत नाही, पेय पाणचट होत नाही आणि मिक्सरलाही चिकटत नाही. शांतारामनं त्या दिवशी कपाळाला हात लावला. “वीस वर्षं मी पाणी विकलं म्हणजे,” तो म्हणाला. तिसऱ्यात ठरलं की साल पिवळीधमक असताना केळं बारसाठी कच्चंच. अंगावर बिबट्यासारखे ठिपके आले की मग त्याला बोलावायचं. चौथा प्रयोग बिनदारूचा होता: वेलची केळं, नारळाचं दाट दूध, कोकमाचं आगळ, गूळ, वर मिऱ्याची चिमूट. रंग असा सुरेख गुलाबी आला की मी दोन ग्लास प्यायले आणि मालकाला फोटो पाठवला.

मालकाचं लगेच उत्तर. ‘छान. पण आंबा टाका ना. रत्नागिरीत केळं कशाला?’

मी ते बाईंना वाचून दाखवलं. महिना डिसेंबरचा. बाई म्हणाल्या, “त्यांना सांग, डिसेंबरात आंबा मागणाऱ्याला टिनातला आंबाच मिळतो. बिचारा माझा केळीचा गड्डा बारा महिने राबतो, त्याला कुणी पेटीत गवत घालून झोपवत नाही, म्हणून त्याची किंमत नाही.” आणि हापूसच्या गावात बसून हापूसला नावं ठेवल्याचा आनंद त्यांना दिवसभर पुरला.

थुंकण्याची शिस्त बाईंनी कडक पाळली. एक चमचा तोंडात, डोळे मिटून इकडून तिकडे फिरवायचा, भांड्यात टाकायचा, पाण्यानं चूळ, मग वहीत शेरा. ‘प्रयोग सात: रम बोलते, केळं ऐकते. उलट हवं.’ ‘प्रयोग नऊ: क्रीम कशासाठी? लपवण्यासारखं काय आहे?’ शांताराम हे शेरे रात्री पाठ करायचा असं त्याच्या बायकोनं मला सांगितलं.

अकराव्या प्रयोगासाठी पिकून काळ्या ठिपक्यांची झालेली राजेळी दोन दिवस रममध्ये बुडवून ठेवली होती. पंच्यातून गाळली. त्यात गोठवलेली वेलची केळी, लिंबाचा रस, काकवीचा एक चमचा. वर जायफळ किसलं. शांतारामनं ग्लास पुढे सरकवला. बाईंनी चमचा तोंडात घातला, डोळे मिटले. आम्ही भांडं पुढे केलं. बाईंनी ते हातानं हळूच बाजूला सारलं.

घशाची हालचाल झाली. मी पाहिली, शांतारामनंही पाहिली.

“हं,” बाई म्हणाल्या. थोड्या वेळानं दुसरा चमचा घेतला. तोही गेला. मग वही उघडून त्यांनी फक्त एक शब्द लिहिला: ‘सिद्ध.’

त्या दिवशी घरी जाताना बाई गडग्याच्या खिंडारातून न जाता दहा फूट अलीकडे, जिथे खिंडार नाही तिथे चढल्या, आणि पलीकडे उतरताना मूलद्रव्यांची नावं क्रमानं म्हणत होत्या. हायड्रोजन, हेलियम, लिथियम. दोन चमच्यांनी काय होतं असं तुम्ही म्हणाल. सत्तरहून जास्त वर्षांत पहिल्यांदा घेतलेले दोन चमचे होते ते.

मेनूकार्डातलं बनाना बीच गेलं आणि बाईंच्या अक्षरात ‘प्रयोग अकरा’ आणि ‘प्रयोग चार’ आलं. पुण्याची, कोल्हापूरची माणसं ते नाव बघून हसत आणि मग तेच मागवत. शांताराम कुणी विचारलं तर सांगायचा, “आमच्या मॅडम सायंटिस्ट हायत.”

पण अर्ज तिकडे ग्रामपंचायतीत तसाच होता. जानेवारीतल्या ग्रामसभेत तो विषय निघणार होता. ठराव विरुद्ध गेला असता तर परमिट रूम अडचणीत, शांतारामची नोकरी तर गेलीच असती. तो मंडणगडला परत जायच्या गोष्टी बोलायला लागला होता. एका बुधवारी बाई निघाल्यावर मी गडग्यापर्यंत त्यांच्याबरोबर गेले आणि धीर करून विचारलं, “बाई, तुम्ही सही मागे घ्याल का?”

त्या गडग्यावर बसल्या. बुटातला खडा काढला.

“शरद आठवतो तुला?”

शरद त्यांचा धाकटा भाऊ. आम्ही शाळेत होतो तेव्हा सायकलवरून बाईंचा डबा घेऊन यायचा. पुढे दारूनं गेला, एवढं गावाला माहीत होतं.

“आमच्या घरात दारूचं नाव काढायचं नाही असा नियम होता,” बाई म्हणाल्या. “आमच्या वडिलांचा, अण्णांचा. अण्णा गेल्यावर मी तो चालवला. नियम मी अगदी छान पाळला. शरदनं विहिरीमागे बसून मोडला. शेवटी शेवटी काय प्यायचा ते त्यालाही माहीत नव्हतं. प्लास्टिकच्या कॅनमधलं काहीतरी. मी कधी विचारलं नाही, तू काय पितोस, किती पितोस, का पितोस. नाव काढायचं नव्हतं ना.”

मी त्यांच्या शेजारी गडग्यावर टेकले.

“तुझा बार आला तेव्हा मला वाटलं, आत राक्षस बसलेला असेल. आत शांताराम निघाला.” त्यांनी बूट घातला. “सही मागे घेईन असं मी म्हणणार नाही. सभेत बघू.”

ग्रामसभा शाळेच्या पटांगणात, सकाळी दहाला. एरवी वीस माणसं जमत नाहीत. त्या दिवशी सतरंज्या कमी पडल्या. अर्ज सुलभाकाकूंनी पुढाकार घेऊन लिहिला होता. सुलभाकाकू महिला मंडळाच्या अध्यक्षा, गुरुवारच्या भजनाच्या म्होरक्या, आवाज खणखणीत, मन तसं मऊ, पण एकदा पदर खोचला की सरपंचही खुर्ची मागे सरकवत. त्यांच्याच भजनात बाई पेटी वाजवत, तीस वर्षं.

काकू उभ्या राहिल्या आणि अर्जाचं राहिलंच बाजूला.

“आधी एक विचारतंय. विमलबाई, तुम्ही त्या बारात जाता का नाय, ते सभेला सांगा.”

सगळी डोकी बाईंकडे वळली. शांताराम माझ्यामागे आंब्याला टेकून उभा होता, त्याचा श्वास मला ऐकू येत होता.

“जाते,” बाई उभ्या राहून म्हणाल्या. “दर बुधवारी, अकरा ते साडेबारा.”

“नि तिथं करता काय?”

“केळ्यावर प्रयोग.”

हशा झाला. काकू हसल्या नाहीत. “पिता?”

मी डोळे मिटून घेतले. बाई नाही म्हणाल्या असत्या तरी कुणी तपासायला जाणार नव्हतं.

“चमच्यानं चव घेते आणि थुंकते. अकराव्या प्रयोगाला थुंकले नाही. दोन चमचे गिळले.”

“म्हणजे प्यायलात!”

“हो. प्यायले. चांगलं झालं होतं.”

मागच्या बाजूला कुणीतरी शिट्टी वाजवली. बाईंनी नुसतं वळून बघितलं, “चौदा, उभा राहा,” म्हणाल्या, आणि पंचेचाळीस वर्षांचा एक आंबा बागायतदार निमूट उभा राहिला. तो सभा संपेपर्यंत उभाच होता.

मग त्यांनी अर्ज मागून घेतला आणि वाचला. सावकाश, वर्गात धडा वाचावा तसा. “यात चार मुद्दे आहेत. एक, रासायनिक पेयं विकतात. मी सही केली तेव्हा हे खरं होतं. आता नाही, कारण ते मी स्वतः बंद केलं. दोन, गाड्या विहिरीच्या पाणंदीत लावतात, बायकांना घागर घेऊन जाता येत नाही. हे आजही खरं आहे.” त्यांनी माझ्याकडे बघितलं. “तीन, रात्री गाणी. खरं. चार, बाटल्या खाडीत जातात. मी जाऊन मोजल्या नाहीत, पण दोन पाहिल्या. तेव्हा माझी सही मी मागे घेत नाही.”

शांतारामनं आंब्याला डोकं टेकवलं.

“सत्तावीस,” बाई म्हणाल्या, “मालकाला फोन लाव. सगळ्यांना ऐकू येईल असा.”

मी लावला. मालक मुंबईत कुठल्या तरी मीटिंगमध्ये होते. बाईंनी त्यांना स्वतःची ओळख करून दिली आणि अटी सांगितल्या. गाड्या आतच. गाणी नऊला बंद. बाटल्या परत पाठवायच्या. झुलत आलेल्या माणसाला, मग तो पाहुणा असो की गावातला, पुढचा ग्लास द्यायचा नाही, आणि हे ठरवण्याचा अधिकार शांतारामचा, मालकाचा नाही. “आणि पाचवं,” बाई म्हणाल्या, “मेनूकार्ड छापण्याआधी माझ्याकडून तपासून घ्यायचं.”

मालकांनी विचारलं, “मॅडम, तुम्ही शाळेत होतात का हो?”

“होते. तुम्ही असतात तर बरं झालं असतं.”

मालकांनी सगळं मान्य केलं, त्याच दुपारी लेखी पाठवतो म्हणाले. बाईंनी अंबाड्यातलं पेन काढलं, सगळ्या सभेसमोर अर्जावरची आपली सही एका सरळ रेघेनं खोडली आणि शेजारी लिहिलं, ‘लेखी आल्यास.’ तारीख घातली. मग हात वर झाले, मोजले गेले, आणि हरकत थोडक्या मतांनी फेटाळली गेली.

आम्ही जिंकलो, पण बाईंना ते महाग पडलं. त्याच आठवड्यातल्या गुरुवारी भजनाचं बोलावणं आलं नाही. पुढच्याही नाही. सुलभाकाकू रस्त्यात दिसल्या की पलीकडच्या बाजूनं जायच्या. मंडळानं पेटीसाठी कुणा भाचेसुनेला बसवलं होतं. ती काळी दोन आणि काळी तीन या पट्ट्यांच्या मधे कुठेतरी राहायची. गुरुवारी संध्याकाळी ते सूर आगरातून आमच्यापर्यंत यायचे. बाई गडग्याशी उभ्या राहून ऐकायच्या आणि प्रत्येक चुकीला मान झटकायच्या, माशी बसल्यासारखी. बुधवारी मात्र वेळेवर हजर. एकदाच म्हणाल्या, “खरं बोलल्यावर एकटं वाटणार हे माहीत असतं. पण इतकं बेसूर वाटेल हे माहीत नव्हतं.”

चार महिने गेले. वैशाखातला एक बुधवार, घामानं जीव नको झालेला. बाई आणि शांताराम केळ्याच्या सालींवर साखर घालून काहीतरी करत होते, तेवढ्यात दारात सुलभाकाकू. पाठीमागे मंडळाच्या तिघीजणी, पदर डोक्यावर.

“आम्ही तपासणीला आलोय,” काकू कुणाकडेच न बघता म्हणाल्या. “लेखी दिलंत तसं चालतं का नाय ते बघायला.”

मी गाड्या दाखवल्या, बाटल्यांचे क्रेट दाखवले. काकूंनी सगळं बघितलं, पदरानं गळा पुसला आणि मग खुर्चीत बसल्या.

“नि ते बिनदारूचं काय म्हणतात, ते खरंच बिनदारूचं असतं का?”

“प्रयोग चार,” बाई पहिल्यांदाच बोलल्या. “शांताराम, चार ग्लास.”

शांतारामनं त्यांच्यासमोर सगळं केलं. केळं, नारळाचं दूध, आगळ, गूळ. काकूंनी घोट घेतला. मग मोठा घोट. मग ग्लास संपला. दुसरा मागवला. दुसऱ्याच्या शेवटाला त्यांनी कपाळाला हात लावला.

“अगो बाय, डोकं हलकं झालं माझं.”

मी तोंड उघडलं. बाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मी ते मिटलं. शांताराम ग्लास पुसण्यात एकदम गर्क झाला.

“होतं तसं,” बाई गंभीरपणे म्हणाल्या. “पहिल्या वेळेला.”

बाकीच्या तिघींनाही मग हलकं वाटायला लागलं. एकीला पंखा गोल फिरताना दिसला. तो फिरतच होता. सुलभाकाकू खुर्चीतून उठल्या, आणि काउंटरला धरून त्यांनी तिथेच, भर बारमध्ये, एक अभंग उचलला. त्या काय गायल्या! आवाज लाजत नव्हता, कुठे अडत नव्हता. शांतारामनं दोन चमचे हातात घेऊन ट्रेवर ठेका धरला. जेवणघरातून दोन पाहुणे डोकावले आणि मोबाईल काढायला लागले. त्यांना मी हाकललं.

अभंग संपल्यावर काकू बाईंजवळ गेल्या. “विमल,” म्हणाल्या, विमलबाई नाही, “ती पोरगी पेटीचा जीव घेते गो. उद्या ये.”

“येईन.”

“नि आज इथं झालं ते मंडळात सांगू नकोस. घेतली आम्ही म्हणून.”

“शपथ,” बाई म्हणाल्या, “तुम्ही आज काय घेतलंत ते मी कधीही सांगणार नाही.”

त्यांनी ते वचन पाळलं. सुलभाकाकू आजही मला कोपऱ्यात घेऊन सांगतात की आयुष्यात त्यांनी एकदाच दारू घेतली आणि दोन्ही ग्लास पचवले.

त्यानंतर दोन वर्षं बरी गेली. वहीत प्रयोग सदतीसपर्यंत पोचले. मग बाईंच्या पायाला सूज यायला लागली, रत्नागिरीला तपासण्या झाल्या, आणि मूत्रपिंडं थकली असं निघालं. एकटं राहणं शक्य नव्हतं. लांज्याला त्यांची भाची वर्षा, तिनं नेलं. वर्षा शिस्तीची. औषधांच्या वेळा फ्रिजवर चिकटवलेल्या, पाणी मापून. डॉक्टरांनी काय काय खायचं नाही याची यादी दिली होती. नारळपाणी, टोमॅटो, आणि सगळ्यात वर, ठळक अक्षरात, केळं.

मी पावसाळ्याच्या आधी भेटायला गेले. ती आमची शेवटची भेट. शांतारामनं सोबत थर्मास दिला होता, वर्षासाठी आणि तिच्या नवऱ्यासाठी. चाळीसावा प्रयोग, केळ्याचाच पण बिनदारूचा, त्यानं एकट्यानं बसवलेला. “बाईंनी निस्ता बघू दे,” म्हणाला होता.

बाई पडवीत आरामखुर्चीत बसल्या होत्या. हात काटक्यांसारखे झालेले. मला बघून “सत्तावीस, जाड झालीस,” म्हणाल्या. मी ग्लासांत ओतलं. वर्षानं घोट घेतला, छान झालंय म्हणाली, आणि बाईंपासून हातभर लांब टीपॉयवर ग्लास ठेवला. बाई ग्लासाकडे बघत राहिल्या. रंग कसा आला, वर फेस टिकतो का, शांतारामनं गूळ घातला की साखर, एवढंच विचारलं.

मी निघाले तेव्हा बाईंना एकदम आठवलं की त्यांचा चष्मा आत राहिलाय. वर्षा चष्मा आणायला आत गेली. चष्मा बाईंच्या मांडीवरच होता, पदराखाली. मी पायऱ्या उतरून चप्पल घालताना वळून बघितलं.

बाई पुढे वाकल्या होत्या. उजव्या हाताची करंगळी ग्लासात बुडवून त्यांनी तोंडात घातली. डोळे मिटले. मग पुन्हा एकदा बुडवली, या वेळी दोन पेरांपर्यंत.

डोळे उघडले तेव्हा मी दिसले. त्या दचकल्या नाहीत. तीच ओली करंगळी त्यांनी ओठांवर उभी धरली. आतून वर्षाची पावलं आली तशी मी मान वळवली आणि अंगणातून चालायला लागले.